फ्लँडर्सचे किल्ले : काल आणि आज



किल्ला म्हटला की आपल्या मनात प्रथम डोंगर येतो. कडा, माची, बुरूज, वर पाण्याची टाकी. आज ज्या मुलुखाविषयी मी बोलणार आहे तेथे डोंगरच नाही. बेल्जियमच्या उत्तर भागातील फ्लँडर्स हा प्रदेश तळहातासारखा सपाट, नद्या-कालव्यांनी चिरलेला आणि चिकणमातीचा. तेथील किल्ले आपल्या भाषेत भुईकोट. उंचीचा आधार नाही म्हणून पाण्याचा घेतला. भोवती खंदक खणला, नदीचे पाणी त्यात वळवले आणि मध्ये गढी उभी केली.

एक खुलासा आधीच करतो. फ्लँडर्स या नावाचे दोन अर्थ आहेत. मध्ययुगात फ्लँडर्स म्हणजे काउंट पदवीच्या सरदारांची जहागीर. तिच्यात गेंट आणि ब्रूज ही शहरे होती, आणि आज फ्रान्समध्ये असलेले लील व डंकर्कही होते. आजचा फ्लँडर्स म्हणजे बेल्जियममधील डच भाषा बोलणाऱ्यांचा प्रांत. त्यात अँटवर्प आणि ब्रसेल्सच्या आसपासची गावे येतात, जी पूर्वी ब्राबांटच्या ड्यूककडे होती. मी दोन्हींकडील किल्ले घेणार आहे.

हे किल्ले पाहताना एक प्रश्न सतत मनात ठेवावा : ही भिंत कोणाविरुद्ध बांधली? आपण सहज उत्तर देतो, शत्रूविरुद्ध. फ्लँडर्समध्ये हे उत्तर पुष्कळदा अपुरे पडते. तेथील शत्रू बहुधा वेशीबाहेरचा नव्हता, समोरच्या पेठेतला होता.

गेंट शहराचा ग्राव्हेनस्टेन किल्ला घ्या. ‘ग्राफ’ म्हणजे काउंट, ‘स्टेन’ म्हणजे दगड. काउंटचा दगडी वाडा, एवढाच नावाचा अर्थ. आपल्याला दगडाचे काय कौतुक वाटणार? पण ज्या प्रदेशात खणले तर माती आणि पाणीच लागते, तेथे दगड ही श्रीमंतीची वस्तू. ग्राव्हेनस्टेनचा निळसर करडा दगड तूर्ने गावच्या खाणीतून स्केल्ट नदीने होड्यांतून आणला गेला. बाराव्या शतकात गेंटचे व्यापारी लोकरीच्या कापडावर गबर झाले होते. तेही नदीने दगड आणवू लागले आणि बुरुजासारखी उंच घरे बांधू लागले. काउंटला हे खपले नाही. आपल्या धनाचा आणि बुरुजासारख्या घरांचा गेंटकरांना जो ताठा चढला होता, तो उतरवण्यासाठी काउंट फिलिपने हा किल्ला बांधला, असे त्या काळच्या वृत्तांतात नमूद आहे. वर्ष इ. स. ११८०. दरवाजावरील लॅटिन शिलालेखात हे वर्ष आणि फिलिपचे नाव आहे.

हा फिलिप कोण? त्याची आई सिबिला ही जेरूसलेमचा क्रुसेडर राजा फुल्क याची मुलगी. बाप थिएरी चार वेळा पवित्र भूमीकडे गेलेला. फिलिप स्वतः ११७७ मध्ये तेथे गेला. जेरूसलेमच्या गादीवर तेव्हा त्याचा नातलग, महारोगाने पीडलेला चौथा बाल्डविन होता. त्याने राज्याचा कारभार फिलिपला देऊ केला. फिलिपने तो नाकारला आणि फौज घेऊन उत्तर सीरियाकडे निघून गेला. त्याच हिवाळ्यात सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी इजिप्तहून चालून आला, ही हकीकत इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. त्या स्वारीत सुलतानाला माघार घ्यावी लागली, पण दहा वर्षांनी, ११८७ मध्ये, जेरूसलेम त्याच्या हाती आले. फिलिप दुसऱ्यांदा पूर्वेकडे गेला तो परतला नाही. ११९१ मध्ये अक्का शहराच्या वेढ्यात साथीच्या रोगाने मेला. ग्राव्हेनस्टेनच्या दरवाजावर क्रुसाच्या आकाराची एक खिडकी आहे. ती क्रुसेडची खूण, आणि सारा किल्लाच सीरियातील क्रुसेडरांच्या गढ्यांवरून सुचला, असे सांगितले जाते. सीरियातील गढ्या फिलिपने पाहिल्या असणार हे खरे. पण भिंत बांधताना त्याच्या डोळ्यांसमोर सलाहुद्दीन नव्हता, गेंटचे कापडवाले होते.

पुढे चौदाव्या शतकात काउंट मंडळी त्या थंडगार इमारतीला कंटाळून शहरातल्याच दुसऱ्या, अधिक सुखसोयीच्या वाड्यात राहायला गेली. किल्ला मात्र रिकामा राहिला नाही. १४०७ पासून १७७८ पर्यंत तेथे फ्लँडर्सचे उच्च न्यायालय भरत असे. वर न्यायासन, खाली कैदखाना. आरोपीकडून कबुली काढण्याची जी साधने त्या काळी कायदेशीर मानली जात, त्या प्रकारची साधने आज तेथे काचेच्या पेटीत मांडली आहेत. प्रवासी तेथे सर्वांत जास्त रेंगाळतात. मला त्यात मौज वाटत नाही, पण ती मांडली आहेत हे योग्यच आहे.

न्यायालय हलले आणि किल्ला खाजगी कारखानदारांच्या हाती गेला. येथून पुढची कथा कोणत्याही राजाच्या कथेपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते. लिव्हेन बौवेन्स नावाच्या गेंटच्या माणसाने इंग्लंडमधून सूत कातण्याच्या यंत्राचे भाग चोरून आणले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे शहर कापसाच्या गिरण्यांनी भरून गेले. त्याला युरोप खंडाचे मँचेस्टर म्हणू लागले. काउंटच्या किल्ल्यातही सूतगिरणी आली. भिंतींना टेकून, अंगणात, बुरुजांच्या आडोशाला कामगारांची बिऱ्हाडे थाटली गेली. मुंबईच्या गिरणगावातील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे वर्णन नको. गेंटकरांना नमवण्यासाठी बांधलेल्या वाड्यात सहा-सातशे वर्षांनी गेंटचे सर्वांत गरीब लोक राहू लागले.

शतक संपता संपता गिरणी गेली, इमारत खिळखिळी झाली आणि ती पाडून जागा मोकळी करावी अशी योजना पुढे आली. सरकार आणि नगरपालिका यांनी अखेर ती टप्प्याटप्प्याने विकत घेतली. वास्तुविशारद जोसेफ द वाल यांनी १८९३ पासून दुरुस्ती हाती घेतली आणि १९०७ मध्ये किल्ला लोकांना खुला झाला. नगराने आपल्याच छातीवरचा दगड पैसे मोजून विकत घेतला, यात मला मोठेपणा दिसतो.

पण एक तक्रारही नोंदवली पाहिजे. द वाल यांना बाराव्या शतकाचा किल्ला हवा होता. म्हणून नंतरचे जे जे होते ते त्यांनी काढून टाकले. गिरणी गेली, बिऱ्हाडे गेली. कित्येक खिडक्या, माथे आणि छपरे आपल्या कल्पनेप्रमाणे नव्याने रचली. आज आपण जे पाहतो ते निम्मे ११८० चे आणि निम्मे १९०० चे आहे. तेथे जाणाऱ्याने बाराव्या शतकाचा दगड जरूर पाहावा, पण या भिंतींच्या आत चुली पेटत होत्या, धुणी वाळत होती, हेही मनात आणावे. ते दाखवायला तेथे आता फारसे काही उरलेले नाही.

किल्ल्याच्या इतिहासातील शेवटचा ‘वेढा’ १९४९ चा. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला १३८ विद्यार्थ्यांनी किल्ल्यात शिरून दरवाजा बंद केला आणि तटावरून पोलिसांवर सडकी फळे फेकली. कारण ऐकून गुरुजन कपाळाला आठ्या घालतील : बिअरचा भाव वाढला होता. पोलीस आणि बंबवाले शिड्या लावून आत शिरले, पोरांना बाहेर काढले आणि प्रकरण हसण्यावारी गेले. गेंटचे विद्यार्थी अजून त्या दिवसाची आठवण दरवर्षी साजरी करतात.

याच गेंटमध्ये एक दुसरा किल्ला होता, जो आज नाही. बादशहा पाचवा चार्ल्स याचा जन्म १५०० मध्ये गेंटचाच. त्याच्या युद्धखर्चासाठी मागितलेला कर द्यायला शहराने नकार दिला, तेव्हा १५४० मध्ये तो फौजेसह आला. शहराच्या प्रतिष्ठितांना त्याने गळ्यात दोरखंड अडकवून, अनवाणी, आपल्यापुढे क्षमा मागायला लावले. मग एक प्राचीन मठ बहुतांशी पाडून त्या जागी ‘स्पॅनिश किल्ला’ उभारला, ज्याचा उपयोग शहरावर डोळा ठेवण्याखेरीज दुसरा नव्हता. तो किल्ला एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. दोरखंड मात्र शिल्लक आहे. गेंटकर स्वतःला अभिमानाने ‘फासवाले’ म्हणवतात आणि दर जुलैतील नगरोत्सवात पांढरे अंगरखे घालून, गळ्यात दोर अडकवून मिरवणूक काढतात.

अँटवर्पमध्येही हेच घडले. स्पेनच्या राजाचा सेनापती, आल्बाचा ड्यूक, याने १५६७ मध्ये तेथे प्रचंड बालेकिल्ला बांधायला घेतला. १५७६ मध्ये पगार थकलेले स्पॅनिश सैनिक त्यातूनच बाहेर पडले आणि त्यांनी शहर लुटले; हजारो माणसे मेली. पुढच्याच वर्षी नागरिकांनी कुदळी घेऊन बालेकिल्ल्याची शहराकडील बाजू पाडली. लक्षात घ्या, फक्त शहराकडील बाजू! बाहेरची तटबंदी त्यांनी राहू दिली. किल्ल्याचे तोंड कोणीकडे असावे, याविषयी त्यांचे मत याहून स्पष्ट काय असणार? आज त्या जागेवर ललित कलांचे राजसंग्रहालय उभे आहे.

अँटवर्पच्या नदीकाठी तेराव्या शतकातील गढीचा दरवाजा अजून उभा आहे. त्याचेही नाव स्टेन. १३०३ पासून १८२७ पर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, तेथे तुरुंग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदराचे धक्के सरळ करण्यासाठी बाकीची गढी पाडून टाकली. व्यापाराला जागा हवी होती, दुसरे कारण नाही. उरलेल्या भागात आधी पुराणवस्तूंचे आणि १९५२ पासून २००८ पर्यंत नौकानयनाचे संग्रहालय होते. २०२१ पासून तेथे शहराची ओळख करून देणारे केंद्र आहे. जुन्या दरवाजाला जोडलेला नवा भाग पुष्कळांना आवडला नाही, आणि मीही त्यांच्या बाजूचा आहे. पण छतावर जाऊन नदीचे वळण अवश्य पाहावे.

ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला गासबेक आहे. १३८८ मध्ये तेथल्या जहागीरदाराच्या माणसांनी ब्रसेल्सचा एक वजनदार नगरपिता, एव्हरार्ड ट’सेर्क्लास, याला वाटेत गाठून जबर जखमी केले. काही दिवसांत तो मेला. ब्रसेल्सचे नागरिक तोफा-कुदळी घेऊन निघाले आणि त्यांनी किल्ला उद्ध्वस्त केला. ब्रसेल्सच्या मोठ्या चौकाजवळ एव्हरार्डचा आडवा पडलेला पुतळा आहे. नशीब उघडावे म्हणून येणारे-जाणारे त्याच्या हातावरून हात फिरवतात, त्यामुळे तो चकचकीत झाला आहे. हात फिरवणाऱ्यांपैकी कितींना गासबेक ठाऊक असेल कोण जाणे. किल्ला पुन्हा बांधला गेला. १५६५ मध्ये तो काउंट एग्माँटने विकत घेतला. तीनच वर्षांनी त्याच मोठ्या चौकात आल्बाच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. शेवटची मालकीण मारी आर्कोनाती-व्हिस्काँती ही एका पॅरिसच्या पत्रकाराची मुलगी. अकाली वैधव्य आलेल्या या बाईने मध्ययुग कसे असावे याच्या स्वतःच्या कल्पनेप्रमाणे किल्ला नटवला आणि १९२१ मध्ये तो सामानसुमानासह बेल्जियम सरकारला देऊन टाकला. आज ते संग्रहालय आहे, आणि भोवतालचे उद्यान हेच मोठे आकर्षण.

तेथून जवळच बेर्सेल आहे. पाण्यात उभे तीन विटांचे बुरूज, आत जवळजवळ काही नाही. येथेही १४८९ मध्ये ब्रसेल्सकरांनी हल्ला करून नासधूस केली, आणि येथेही एकोणिसाव्या शतकात सूतगिरणी होती! लहान मुलांना घेऊन जायचे असेल तर हाच किल्ला निवडावा. काचेच्या पेट्या नाहीत, जिने चढायचे आणि जंग्यांतून डोकावायचे. हिवाळ्यात तो बंद असतो, तेव्हा आधी चौकशी करावी.

आपल्या मुला-नातवंडांपैकी काही जण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी त्या बाजूला जातात, म्हणून थोडी व्यवहाराची माहिती देतो. ब्रसेल्सहून गेंट रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. बेर्सेलला रेल्वे स्थानक आहे, गासबेकला बसने जावे लागते. ग्राव्हेनस्टेनमध्ये कानाला लावायचे ध्वनियंत्र मिळते. त्यावर एक विनोदी नट किल्ल्याची कथा थट्टेच्या सुरात सांगतो. ती ऐकावी, पण शिलालेख आणि तळघरातील जुन्या इमारतीचे अवशेष स्वतःच्या डोळ्यांनी, सावकाश पाहावेत. जिने अरुंद आणि चक्राकार आहेत. गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गांनी तटाखालच्या अंगणात बसणे बरे. सप्टेंबर महिन्यात एका रविवारी ‘खुल्या वास्तूंचा दिवस’ असतो. १९८९ पासून हा प्रघात आहे. एरवी बंद असलेल्या कित्येक खाजगी वास्तूंचे दरवाजे त्या दिवशी उघडतात, तेव्हा सहल त्या सुमारास आखता आली तर पाहावे.

आणि एक ठिकाण, जेथे प्रवाशांची गर्दी कमी असते : टोरहाऊटजवळचे वाइनेंडाले. काउंटांचा हा जुना शिकारवाडा. १४८२ मध्ये येथल्या रानात शिकार करताना बर्गंडीची मेरी घोड्यावरून पडली आणि त्यातच तिचा अंत झाला. तिच्या वारशामुळे फ्लँडर्स हाब्सबर्ग घराण्याकडे गेला आणि पाचवा चार्ल्स, जो तिचा नातू, गेंटचा धनी झाला. याच वाड्यात २५ मे १९४० रोजी पहाटे राजा तिसरा लिओपोल्ड आणि त्याचे चार मंत्री यांची शेवटची भेट झाली. जर्मन सैन्य जवळ आले होते. मंत्री म्हणत होते, आमच्याबरोबर देश सोडून चला आणि लढा चालू ठेवा. राजा म्हणाला, मी माझ्या सैन्याबरोबर राहतो. तीन दिवसांनी त्याने शरणागती पत्करली, मंत्री पुढे लंडनला पोहोचले, आणि त्या पहाटेच्या वादाने बेल्जियममध्ये एवढी फूट पडली की युद्धानंतर, १९५१ मध्ये, राजाला गादी सोडावी लागली. वाड्याचा एक भाग अजून खाजगी आहे. दुसऱ्या भागात हा सारा इतिहास मांडला आहे.