उंच छताखालचा धूर

मॉलमधल्या चार-पाच मजली उंच चौकात आग लागली, की धूर वर जाताना आजूबाजूची हवा ओढून घेतो. जितका चढेल तितका फुगतो आणि थंडही होतो. उन्हाने काचेच्या छताखालची हवा आधीच तापलेली असेल, तर तो मध्येच अडतो आणि छतावरच्या डिटेक्टरला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून वेगवेगळ्या उंचीवर आडवे किरण सोडणारे डिटेक्टर बसवतात. धूर बाहेर खेचायला एकच मोठे तोंड ठेवले, तर ते धुराच्या थराखालची स्वच्छ हवाच ओढू लागते. त्यापेक्षा विखुरलेली अनेक तोंडे बरी. बाहेर गेलेल्या धुराच्या जागी खालून ताजी हवाही यायला हवी, पण सेकंदाला साधारण १ मीटरपेक्षा हळू. नाहीतर धुराचा लोट विस्कटतो. माणसे बाहेर पडेपर्यंत धूर डोक्यावरच राहिला पाहिजे.