नवा हातमोजा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला इतिहास, साहित्य, अध्यात्म असे विषय शोभतात. मी मात्र आज कातडी हातमोजावर बोलणार आहे. विषय लहान वाटेल. पण १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून आपला हा परिसर कष्टकऱ्यांच्या हातांवर उभा आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यात वाहने तयार होणे २००७ साली थांबले, कामे चाकणकडे सरकली. तरी भोसरी, चिखली, तळवडे येथील लहान शेडांतून पत्रा कापणे, दाबणे, जोडणे अखंड चालू आहे. पत्र्याच्या कडेला जी धार राहते तिला आपण 'बर' म्हणतो. ती सुरीसारखी कापते. तिच्यात आणि हातात जे एक कातडे असते, त्याची ही कथा आहे.

पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकीचे मैदान आहे. तेथील कोणत्याही जाणत्या गोलरक्षकाला विचारा, नवा ताठ हातमोजा घालून तो थेट सामन्यात उतरेल काय? मुळीच नाही. आधी तो सरावात वापरील, बोटे वळवून पाहील. कॅनडात बर्फावर हॉकी खेळणारेही नवे हातमोजे असेच सवयीचे करून घेतात. खेळाडूला सरावाचा वेळ मिळतो. आमच्या कामगाराला सकाळी सात वाजता स्टोअरमधून करकरीत नवा जोड मिळतो आणि सव्वासात वाजता पूर्ण उत्पादनाची अपेक्षा सुरू होते! ताठ मोजात लहान नट पकडता येत नाही, पत्र्याची कड उमगत नाही, बोटांच्या बेचक्या सोलतात. मग कामगार मोजा काढून खिशात कोंबतो. हात कापला की चौकशीच्या कागदावर लिहिले जाते : 'कामगाराचा निष्काळजीपणा.' मोजा दिला होता, घातला नाही, संपले! मोजा का काढला, हा प्रश्न त्या कागदावर नसतो.

तो ताठ का असतो, हे आधी पाहू. कातडे म्हणजे बारीक तंतूंची गुंतवळ. कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून तंतू एकमेकांवरून घसरतात. वेल्डिंगचे आणि पत्र्याचे मोजे बहुधा कातड्याच्या आतल्या जाड थराचे असतात. त्यात तंतू चिकटून राहिले की मोजा लाकडासारखा वाटतो. ते सुटतात घडी घातल्याने, पुनःपुन्हा वाकवल्याने. हातोडीने ठोकून नव्हे. म्हणून पहिले दोन-तीन दिवस नवा मोजा हलक्या कामाला अर्धा-अर्धा तास घालावा. मूठ मिटावी, उघडावी. एकेक बोट सांध्यापाशी दुमडावे. अंगठ्याजवळची शिवण चोळावी. फारच ताठ असेल तर ओलसर फडके फिरवून हातात घालावा, आणि मग सावलीत वाळवावा. भट्टीजवळ किंवा हीटरवर वाळवलेले कातडे आक्रसते आणि पहिल्याहून कडक होते.

आपल्याकडे नव्या वहाणेला तेल पाजण्याची रीत आहे. ती येथे आणू नये. तेलकट मोजातून पत्रा निसटतो, आणि वेल्डरच्या हातावर ठिणगी पडली तर तेल प्यालेले कातडे पेट घेते.

दुसरी गोष्ट मापाची. अंगठा सोडून तळहाताभोवती फीत गुंडाळावी; जितके इंच भरतील तो साधारण मोजाचा क्रमांक. इतके सोपे असता बहुतेक शेडांत एकाच मापाचा गठ्ठा येतो. आज पत्र्याच्या कामावर मुली आहेत; त्यांच्या बोटांपुढे मोजाचे टोक रिकामे लोंबते, आणि तेच टोक कोठे तरी अडकते. तिसरी गोष्ट : मोजा ज्या हाताने मऊ होतो त्या हाताचे वळण घेतो. एका कंत्राटी कामगाराचा घामेजलेला मोजा दुसऱ्या पाळीच्या कामगाराला देणे म्हणजे एकाची वहाण दुसऱ्याच्या पायात घालणे होय. ज्याचा मोजा त्यालाच हवा.

परंतु मित्रहो, मोजाचे गुणगान करताना एक इशारा दिला नाही तर मी आपला घात करीन. फिरत्या ड्रिलपाशी आणि लेथपाशी मोजा हा रक्षक नसून शत्रू आहे. सैल कातडे फिरत्या दांड्यात अडकले की मोजा एकटा जात नाही, हात घेऊन जातो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने चालत्या यंत्राची तपासणी किंवा वंगण करणाऱ्याला अंगालगत घट्ट कपडे हवेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे सांगितले, ते याचसाठी. आणि पॉवर प्रेसखाली तर कोणताही मोजा बोट वाचवू शकत नाही. तेथे हवे गार्ड. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय न चालणारी यंत्रणा. माल ठेवण्या-काढण्यास चिमटा. गार्ड काढून ठेवायचे आणि हातात मोजे द्यायचे, ही सुरक्षितता नव्हे, तो देखावा आहे.

बोटाची किंमत कायद्याने कशी मोजली, तेही ऐका. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात कमाईची शक्ती किती टक्के गेली याचा तक्ता दिला : अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, करंगळी ७. तक्ता नसता तर गरिबाला तेवढेही मिळाले नसते, म्हणून मी त्याला नावे ठेवीत नाही. पण तबलजीची करंगळी, शिवणकाम करणाऱ्या बाईची तर्जनी, लेकराला भरवणाऱ्या बापाचा अंगठा, यांचे टक्के कोणी काढले आहेत?

म्हणून कामगारांच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली एक साधे कलम असावे असे मला वाटते. प्रत्येकाला त्याच्या मापाचे दोन जोड द्या. नवा जोड मऊ करण्याचा वेळ कामाच्या वेळेत धरा, त्या दिवशी उत्पादनाचा आकडा थोडा कमी ठेवा. कोठे मोजा घालावा आणि कोठे घालू नये, हे यंत्रावरच मराठीत आणि हिंदीत लिहा; कारण आज आपल्या शेजारी काम करणारा भाऊ बिहारचा किंवा ओडिशाचा असतो. आणि कंत्राटी कामगाराला यातून वगळू नका. धार कायम आणि कंत्राटी असा भेद जाणत नाही.

येथे बसलेल्या लहान कारखानदारांनाही माझी विनंती आहे. मोजांचा नवा गठ्ठा येईल तेव्हा त्यातला एक जोड आपण स्वतः घाला आणि अर्धा तास पत्रा उचला. त्यानंतर निष्काळजीपणाचा शेरा लिहिताना आपली लेखणी क्षणभर थांबेल.