जुन्या औषधाचे नवे पेटंट

ग्रामीण रुग्णालयांत भुलीसाठी वापरले जाणारे केटामाइन १९६२ साली अमेरिकेत तयार झाले. त्याचे पेटंट केव्हाच संपले. अन्य औषधांना न जुमानणारे नैराश्य शिरेतून दिलेल्या त्याच्या अल्प मात्रेने काही तासांत ओसरू शकते. परिणाम मात्र बहुधा काही दिवसच टिकतो, आणि व्यसनाचा धोकाही आहेच.

पण पेटंटविना नफा कोठला? केटामाइनमध्ये डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे असतात. त्यांतील एकच, एस्केटामाइन, बड्या कंपनीने नाकात फवारण्याचे औषध म्हणून पुढे आणले. २०१९ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. किंमत एका वेळेस शेकडो डॉलर! जुन्या औषधाला नैराश्यासाठी मान्यता नाही, म्हणून विमा कंपन्या सहसा हात वर करतात, आणि खाजगी दवाखाने त्याच स्वस्त कुपीसाठी शेकडो डॉलर रोख घेतात. या जुन्या औषधाच्या मोठ्या चाचण्या सार्वजनिक पैशाने झाल्या पाहिजेत, अशी आपली मागणी असावी.