उन्हात छापलेले फोटो

आगगाडी १८५३ साली ठाण्यापर्यंत आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. त्याच १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक. १८६८ मध्ये सरकारने कल्याणजवळच्या अंबरनाथ मंदिराची रेखाटनं, साचे आणि छायाचित्रं करवून घेतली.

त्या काळी फोटो छापायचा कसा? कागदावर अंड्यातला पांढरा भाग आणि मीठ यांचा थर द्यायचा. तो वाळला की कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा, पुन्हा सुकवायचा, वर काचेची निगेटिव्ह दाबायची आणि चौकट उन्हात ठेवायची. हो, उन्हात! चित्र डोळ्यांदेखत गडद होत जाई. मग सोन्याच्या क्षाराने रंग खुलवायचा, हायपो नावाच्या रसायनाने चित्र पक्कं करायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही मंडळी काय करत असतील, देव जाणे.

ठाण्या-डोंबिवलीतल्या घरोघरचे रंगीत अल्बम पुष्कळ नंतरचे. दमट हवा मात्र तीच, आणि फोटोवरच्या जिलेटिनच्या थरावर बुरशी मजेत वाढते. चिकट पानांचे अल्बम तर मला मुळीच पसंत नाहीत. त्यांच्या गोंदाने फोटो खराब होतात. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात अल्बम ठेवू नका. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, आधी तसाच स्कॅन करून घ्या. जुन्या फोटोंमागे मऊ शिसपेन्सिलीने नावं लिहा. रंगीत फोटोंच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल नीट उमटत नाही. त्यांची नावं पाकिटावर.