मोकळी जागा : समाजाची ठेव



लातूरच्या गंजगोलाईत कापड मोजण्यात माझे आयुष्य गेले. भोवती १६ रस्ते, प्रत्येक रस्त्यावर दुकाने. पण मध्यभाग मात्र जगदंबेच्या मंदिराचा. व्यापारी पेठेतही सर्वांची म्हणून एक जागा राखली गेली, हे मला नेहमीच मोलाचे वाटत आले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या कित्येक रात्री आम्ही उघड्या मैदानात काढल्या. चौरस फुटाच्या भावात न बसणारे मोल त्या वेळी उमगले.

अशा जागा नुसत्या सदिच्छेने टिकत नाहीत. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित झालेली खाजगी जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. पुढील मुदतीतही हालचाल न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. म्हणून लातूर असो वा नांदेड, आपल्या वसाहतीचा मंजूर नकाशा प्रत्येकाने एकदा तरी पाहावा.

आपल्या सभागृहापुढील अंगणात दुकाने काढण्याची सूचना मध्यंतरी आली होती. प्रथम होकार देणारा मीच होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो. भाडे आले असते. परंतु मुलांचे खेळ, व्याख्याने, शेजाऱ्यांची मंगलकार्ये कोठे झाली असती?

सुवर्ण महोत्सवानिमित्त एवढाच ठराव करूया : हे अंगण मोकळे राहील आणि सर्वांसाठी खुले राहील.

जय जिनेंद्र!