आमटी पातळ आहे



माझ्या पहिल्या नोकरीबद्दल बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सुचवलं तेव्हा मी जरा बिचकलो. पहिली नोकरी म्हटलं की लोकांना ऑर्डरचा कागद आठवतो, साहेब आठवतो. मला वीस लिटरची ॲल्युमिनियमची बादली आणि तिच्या कडीला अडकवलेलं ओगराळं आठवतं. मी कोल्हापुरात एका बोर्डिंगच्या मेसमध्ये वाढपी होतो. वय सोळा. साल 1993.

मी कबनूरचा. इचलकरंजी कुठं संपते आणि कबनूर कुठं सुरू होतं, हे बाहेरच्याला कळत नाही. दोन्हीकडं यंत्रमागांचा खडखडाट सारखाच. आमच्याकडं दहावी झालेल्या पोराचं पहिलं काम ठरलेलं असे. कारखान्यात जायचं, कांडी भरायची, वहिफणीत दोरे ओवणाऱ्याच्या हाताखाली बसायचं आणि वर्षभरात चार माग सांभाळायला शिकायचं. माझे वडील मागावरच होते. आई कांडी मशीनवर. गावातले एक अण्णा त्या बोर्डिंगला किराणा पोचवायचे. ते वडिलांना म्हणाले, ‘‘पोरगं अक्षरानं चांगलं हाय. कानात कापूस घालून मागावर उभं करण्यापेक्षा बोर्डिंगात धाडा. पोटाला तरी मिळंल.’’ महिना साडेतीनशे रुपये, दोन वेळचं जेवण आणि झोपायला कोठीघर. ज्वारीच्या पोत्यांशेजारी झोपलेल्या माणसाला उंदरांची भीती राहत नाही, एवढं मी पहिल्या आठवड्यातच शिकलो.

पहिला पगार घरी नेऊन दिला तेव्हा वडिलांनी नोटा मोजल्या आणि विचारलं, ‘‘बावन पिकाचं किती मीटर झालं म्हणायचं रं हे?’’ इचलकरंजीत मजुरीचा हिशेब बावन्न पिकाच्या, म्हणजे इंचात बावन्न आडवे धागे असलेल्या कापडाच्या, मीटरवर चालतो. त्यांना पैसा त्याच भाषेत कळायचा. मला उत्तर देता आलं नाही. आमटीला मीटर नसतो.

काम पहाटे पाचला सुरू व्हायचं. आचारीमामा पीठ मळायला बसायचे, भाकरीच्या मावशी चूल पेटवायच्या, मी कांदा चिरायचो आणि पाणी भरायचो. साडेनऊला पहिली पंगत. बासष्ट मुलं होती. भात, आमटी, भाकरी, एक भाजी, रविवारी फीस्ट. पंगतीत वाढताना उजव्या हाताचा अंगठा आमटीत बुडू द्यायचा नाही, हे कौशल्य वाटतं तेवढं सोपं नाही. मनगटावर दोन डाग आहेत अजून. कष्टानं माणूस घडतो वगैरे सांगायला मी इथं आलेलो नाही. डाग भाजल्याचे आहेत, भाजलं तेव्हा दुखलं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून महिन्याभरात खाड्याची वही माझ्याकडं आली. मेसमध्ये राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गावी जाणाऱ्या मुलानं आधी कळवायचं, सलग तीन दिवस नसेल तरच खाडा धरायचा. महिनाअखेरीला सगळा खर्च एकीकडं, सगळ्यांच्या जेवणाचे दिवस दुसरीकडं; भागाकार करायचा आणि ज्याचे जेवढे दिवस तेवढं त्याचं बिल. दहावीला गणितात मी काठावर पास झालो होतो. पण इथं भागाकार चुकला तर बासष्ट जण अंगावर येत. गणित सुधारलं. शिवाय मागच्या तारखेचा खाडा लावून घ्यायला मोठी मोठी कॉलेजची पोरं माझ्यापाशी गोड बोलायला यायची. पेन्सिल हातात असल्याचं सुख काय असतं, ते मला तिथं कळलं. दोघा-तिघांना मी तसे खाडे लावूनही दिले. आता कबूल करायला हरकत नाही.

ऑगस्टात एक नवीन मुलगा दाखल झाला. पंगतीत त्याच्या ताटाशी आलो आणि पाहिलं, तर कबनूरच्या शाळेत दहावीला माझ्या मागच्या बाकावर बसणारा. मी ओगराळं भरलं. त्यानं ताटाकडं पाहिलं. मीही ताटाकडंच पाहिलं. त्यानं ओळख दाखवली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही दाखवली नाही. दोघांनाही लाज वाटत होती. कुणाला कशाची, हे आजही नीट सांगता येणार नाही.

आठवड्यानं तक्रारवहीत एक ओळ आली. ‘आमटी पातळ आहे.’ खाली त्याची सही. आचारीमामांना वाचता येत नव्हतं, त्यामुळं तक्रारी वाचून दाखवायचं काम माझं. मी वाचली. मामांनी परातीवरून मान वर केली नाही. म्हणाले, ‘‘आमटी पातळ न्हाई बाळ, पोरं वाढल्यात. लिही तसं.’’ मी तसं लिहिलं. खाली सही केली. मागच्या-पुढच्या बाकांवर बसलेल्या दोन पोरांची एका पानावर पुन्हा गाठ पडली ती अशी.

जेवणघराच्या भिंतीवर दोन फोटो होते. एक राजर्षी शाहू महाराजांचा, दुसरा पांढऱ्या दाढीतल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचा. कोल्हापूर ही वसतिगृहांची जननी, असं आपण अभिमानानं म्हणतो आणि ते खरं आहे. 1896 साली सगळ्या जातींसाठी म्हणून काढलेलं राजाराम वसतिगृह व्यवहारात एकाच जातीचं होऊन बसलं. ते पाहून महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाला वसतिगृह काढायला जागा आणि मदत दिली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क. दसरा चौकात उभं राहिलं की त्यातली काही आजही दिसतात. खेड्यातल्या पोराला शाळेची फी भरण्यापेक्षा शहरात जेवणाखाण्याची सोय होणं कठीण, ही साधी गोष्ट महाराजांनी ओळखली होती.

भाऊराव आमच्याच हातकणंगले तालुक्यात जन्मले, कुंभोजला, 1887 साली. शिकायला कोल्हापुरात बोर्डिंगात राहिले. 1908 साली मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले म्हणून बोर्डिंगात विटाळ मानून अंघोळ करायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढं त्यांनीच 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एक बोर्डिंग. 1927 साली गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत ज्यावर कमी बोललं जातं ती गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. भाऊरावांच्या बोर्डिंगात मुलंच दळत, रांधत, वाढत, भांडी घासत. तिथं जेवणारा आणि वाढणारा हे दोन वेगळे मुलगे नव्हते. पाळी बदलली की बादली दुसऱ्याच्या हातात.

आमच्या मेसमध्ये भाऊरावांचा फोटो होता, पाळी नव्हती. साडेनऊच्या पंगतीनंतर बासष्ट मुलं कॉलेजला जायची आणि त्यांच्याच वयाचा एकजण बासष्ट ताटं घासायचा. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, एवढं म्हणतो. पण ज्या भिंतीखाली ही ताटं मांडली जात, तिच्यावरच्या माणसानं हे चालवून घेतलं नसतं. मला स्वतःला हे तेव्हा कळलं असंही नाही. मला तेव्हा झोप हवी असायची.

दुसऱ्या वर्षी बी.ए.च्या एका मुलानं, ज्याचे खोटे खाडे मी लावले होते त्यांतल्याच एकानं, उपकार फेडावेत तसं मला विचारलं, ‘‘तू सतरा नंबर का भरत नाहीस?’’ मला वाटलं, मेसचाच काही फॉर्म असेल. त्यानं समजावलं : कॉलेजात न जाता बारावीला बाहेरून बसता येतं, त्याचा तो अर्ज. फॉर्म त्यानंच आणला. मी कोठीघरात, पोत्याला टेकून, त्याच्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास केला. इंग्रजीत राहिलो. ऑक्टोबरला निघालो. मामांना पेढा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘आता वाचून कोण दाखवणार रं?’’

पुढं कारकुनाची नोकरी लागली. तिच्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता एक विनंती करतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे. तसं कुठं दिसलं तर गप्प बसू नका. पण पंधरा, सोळा, सतरा वर्षांची पोरं आजही मेसमध्ये, खानावळीत बादली घेऊन उभी असतात. वसतिगृह चालवणारे, रेक्टर, मेसचे सेक्रेटरी आणि तिथं जेवणारी मुलंही हे भाषण ऐकत असतील. सतरा नंबरचा फॉर्म अजून आहे. दहावीलाही आहे, बारावीलाही. बोर्ड दरवर्षी त्याची मुदत जाहीर करतं. आज रात्री तुमच्या ताटात आमटी पडेल तेव्हा वाढणाऱ्याला विचारा, फॉर्म भरलास का? नसेल भरला तर तुम्ही आणून द्या.