तोंडातील डाग आणि मानेतील गाठ

(पालक-विद्यार्थ्यांच्या सभेत दिलेले भाषण)



एच.आय.व्ही. हा शब्द घरात उच्चारावयाचा नाही, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. मी डॉक्टर नाही, मास्तर आहे. म्हणून औषधोपचार शिकवणार नाही. या विषाणूमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खचली आहे त्यांना होणाऱ्या कर्करोगाची खूण पुष्कळदा तोंडात किंवा मानेवर, म्हणजे आरशात दिसेल अशा जागी उमटते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

या रोगाच्या सुरुवातीच्या ओळखीत एका कर्करोगाचा मोठा वाटा होता. ३ जुलै १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क व कॅलिफोर्नियातील २६ पुरुषांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांना ‘कापोसी सार्कोमा’ झाला होता. व्हिएन्नाचे डॉक्टर मोरिट्झ कापोसी यांनी १८७२ साली वर्णिलेला हा रोग एरवी वृद्धांच्या पायांवर सावकाश वाढे. तो धडधाकट वयाच्या माणसांना का व्हावा? विषाणू १९८३ साली पॅरिसमध्ये सापडला. आपल्या देशात १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनिती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी त्याचा छडा लावला. हा विषाणू स्वतः गाठ तयार करीत नाही. तो शरीराचे पहारेकरी मारतो आणि मग दुसऱ्याच विषाणूंना रान मोकळे मिळते.

कापोसीचा डाग टाळूवर किंवा हिरडीवर येतो, कधी नाकाच्या शेंड्यावर. रंग जांभळा, तांबूस वा काळपट. आरंभी तो सपाट असतो, दुखत नाही, आणि म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. आपल्या देशात हा रोग विरळाच. लिम्फोमा मात्र ध्यानात ठेवावा. मानेत एका बाजूस गाठ येते व आठवड्या-आठवड्याला वाढते. कधी एकच टॉन्सिल फुगतो, कधी हिरडी सुजून दात हलू लागतात. सोबत ताप, रात्री घाम, वजनात घट.

येथे घाबरून जाऊ नये. मानेतील गाठ आपल्याकडे बहुधा क्षयाची, आपण जिला गंडमाळ म्हणतो ती, असू शकते. एच.आय.व्ही.मध्ये कर्करोगावाचूनही दोन्ही बाजूंच्या गाठी महिनोन्‌महिने राहतात. तोंडातील पांढरा थर पुसला जात असेल तर ती बुरशी. जिभेच्या कडेचा पांढरा पट्टा पुसला जात नाही. ही दोन्ही कर्करोगाची लक्षणे नव्हेत, पण प्रतिकारशक्ती खचल्याची सूचना असू शकतात. तंबाखूचा पांढरा चट्टाही पुसला जात नाही, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. (महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी शाळेच्या कुंपणापाशी पुड्या सापडतात, हे पालकांनीही ऐकून ठेवावे.) नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही, सुईने पेशी काढून किंवा तुकडा घेऊन तपासावे लागते. तीन आठवडे न गेलेली गाठ, डाग वा जखम दाखवावी, हा साधा हिशेब.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगतो. मानेतील गाठ लिंबाएवढी झाली तरी ते चार महिने रुमाल गुंडाळून फिरत. घरात लेप चालू. रक्त तपासले तर लोक काय समजतील, ही धास्ती. अखेर मुलानेच हात धरून नेले. लिम्फोमा निघाला आणि एच.आय.व्ही.ही. दोन्हींचे उपचार झाले. आज ते दुकानात बसतात. मात्र त्या चार महिन्यांत रोग मानेतून पोटापर्यंत पोहोचला होता व उपचार तितकेच जड गेले.

सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रात रक्ताची तपासणी मोफत होते. १ एप्रिल २००४ पासून सरकार औषधेही मोफत देते. ती नियमित घेतल्यास कापोसीचे डाग पुष्कळदा त्यांनीच ओसरतात. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि या कारणावरून कोणत्याही मुलास शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही. कोणाला घरात विचारणे अवघड वाटत असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करावा. तेथे पैसे पडत नाहीत आणि नाव सांगण्याची सक्ती नसते.